उणे बावीस

गंगापूर रोड, नाशिक
७ एप्रिल २०२५

चैताली,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. ते वाचून तुझं डोकं फिरलं असतं आणि कागद तिथेच फाटला असता. निदान कामाचं तरी वाच.

३१ मे रोजी मी रिटायर होते आहे. ‘नो ड्यूज’साठी लॅबचा डेड स्टॉक तपासणं चालू आहे. खुर्च्या, पंखे, गंजलेले स्टँड, प्रत्येकावर नंबर आणि प्रत्येकाला जबाबदार मी. सगळं जुळलं, एक वस्तू सोडून. पॅलेडियमचा तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीत असायचा तो. रजिस्टरमध्ये शेवटची सही तुझी आहे. तुझ्याकडे असेल तर कुरिअरने पाठवून दे. नसेल तर तसं दोन ओळींत कळव, म्हणजे मी ‘गहाळ’ लिहून मोकळी होते.

फोनच करणार होते, पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. ई-मेलला उत्तर नाही. कळवणचा पत्ता पायलकडून घेतला. तुझ्याच बॅचची म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. ती आता आमच्याकडेच शिकवते, आणि तिला मी चांगला दम देऊन बोलतं केलं.

बाकी लॅब आहे तशीच. भट्टीचा पंप अजून म्हाताऱ्यासारखा खोकतो. तुझ्या टेबलावर आता सायली नावाची मुलगी बसते. हुशार आहे पण कमालीची घाईची. भट्टीतला धातूचा चपटा गोळा, आपलं ‘बटण’, तीनदा उलटवून वितळवते आणि म्हणते, झालं मॅडम. मी म्हटलं, बाई गं, असं केलंस तर एका टोकाला नुसतं लोखंड आणि दुसऱ्या टोकाला नुसतं मँगनीज राहील. इथे एक मुलगी सहा-सहा वेळा उलटवायची. तर म्हणे, कोण मॅडम? मी विषय बदलला.

नमुना थंड होत होत चार केल्विनला पोचला की तू तुझ्या वडिलांची एसटीतली शिट्टी वाजवायचीस. सगळं डिपार्टमेंट दचकायचं आणि शिव्या मी खायच्या. परवा कॉलेज रोडला कुणीतरी शिट्टी वाजवली, तर मी हातातली भाजीची पिशवी तिथेच ठेवून मागे वळले. वय झालं, दुसरं काय.

साडेपाच वर्षं झाली. माझ्या मनात काही नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. तुकडा तेवढा पाठव.

उत्तरा गायधनी


१९ एप्रिल २०२५

चैताली,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण आता पॅलेडियमसाठी लिहीत नाही.

रजिस्टर पुन्हा उघडलं होतं. मागच्या वेळी मी फक्त सही पाहिली. तारीख आज पाहिली. १२ नोव्हेंबर २०१९. चौकशी समिती १३ तारखेला बसली होती. दुसऱ्या दिवशी जिच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, ती पोरगी आदल्या सकाळी पॅलेडियमचा तुकडा कशाला घेईल गं?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं लिहिते. मला स्वतःलाच ते ओळीत मांडायचं आहे. बाई शेवटी मास्तरीणच.

पहिल्या वर्षी मी तुला विचारलं होतं, लोखंडात मँगनीज मिसळलं की धातूची ‘काच’ होते म्हणजे काय? पुस्तकातलं उत्तर नको, तुझं सांग. तू म्हणालीस, ‘मॅडम, लोखंडाचे अणू म्हणजे वणीच्या यात्रेची गाडी. सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करायचंय. त्यात मँगनीजवाले चढले. त्यांना शेजाऱ्याच्या उलटच तोंड करायचंय. आणि बसलेत कुणीही कुठेही. मग मधल्या माणसानं करायचं काय? एकाचं ऐकावं तर दुसरा नाराज. थंडी वाढत गेली की जो जिथे, जसा वाकडा उभा आहे, तिथेच तो गोठतो. रांग नाही, पण कुणी हलतही नाही.’ मी इतकी हसले होते! पुढची सगळी वर्षं वर्गात हेच शिकवलं. तुझं नाव घेतलं नाही.

आणि ही काच विसरत नाही. आपण कशात थंड झालो ते धरून ठेवते. म्हणून तिला थंड करताना चुंबकाचं क्षेत्र अगदी शून्य लागतं. शून्यात थंड करायची, मग छोटंसं क्षेत्र लावायचं आणि मोजायचं. तुझ्या सत्तावीस टक्के मँगनीजच्या नमुन्याचा आलेख त्यात शून्याच्या खाली बुडाला. क्षेत्र एका दिशेला आणि नमुना हटवादीपणे उलट्या. असं कुणी पाहिलं नव्हतं. आपण पेपर छापला, दोघींच्या नावानं. मग दुसऱ्या दोन लॅबनी करून पाहिलं, त्यांचा आलेख काही बुडेना. विचारणा झाली. मी तुझाच नमुना पुन्हा मोजला, माझाही बुडाला नाही. समितीनं लिहिलं, आकडे विद्यार्थिनीनं बनवले. पेपर मागे घेतला गेला, तुझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द झालं.

आता पॅलेडियम. ते साधं, सरळ, भाबडं. जेवढं क्षेत्र तेवढाच त्याचा प्रतिसाद, मागचं काही धरून ठेवत नाही. मशीनच्या पडद्यावर शून्य दिसतंय तेव्हा आत खरंच शून्य आहे का, हे त्यालाच विचारायचं असतं. दुसऱ्या कशासाठी ते कुणी नेत नाही.

पुण्याहून एका मैत्रिणीचा तुकडा मागवला. मशीनचं क्षेत्र खूप वर नेलं, तिथून एकदम शून्यावर आणलं आणि तुकडा आत लावला. पडदा म्हणतो शून्य. पॅलेडियम म्हणतं उणे बावीस. चुंबकाच्या गुंडाळीत उलट्या दिशेचं बावीस ओर्स्टेड क्षेत्र अडकून बसलं होतं. मग कपाटातून तुझा सत्तावीसचा नमुना काढला. चिठ्ठीवर अजून तुझं अक्षर आहे. तसाच थंड केला, तसाच मोजला.

बुडाला. जसाच्या तसा बुडाला, चैताली.

तू आकडे बनवले नव्हतेस. जे आलं तेच लिहिलं होतंस. चूक मशीनची होती. हे तुला कळवणं माझं कर्तव्य आहे म्हणून लिहिते.

पायल म्हणते, बारा तारखेला दुपारी तू माझ्या घरी येऊन गेलीस. मला आठवत नाही.

उत्तरा गायधनी


३ मे २०२५

चैताली,

‘चूक मशीनची होती.’ पत्र पेटीत टाकलं आणि हे वाक्य घशात काट्यासारखं अडकलं. मशीन काय आपलं आपण शून्यावर येतं? चौदा वर्षं त्या मशीनच्या वर भिंतीवर पाटी आहे, माझ्याच अक्षरात: ‘मोठे क्षेत्र सरळ शून्यावर आणू नये. झुलवत आणावे.’ थोडं इकडे, त्याहून थोडं कमी तिकडे, झोका थांबतो तसं. अर्धा तास लागतो. नाहीतर आत उरतंच. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी ती पाटी मोठ्यानं वाचून घेते.

२३ ऑगस्ट २०१८. कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी आली होती, आठवतंय? आठवत असेलच, तू त्या दिवशी साडी नेसली होतीस आणि पदर सतत मशीनच्या बटणात अडकत होता. मी पाहुण्यांना क्षेत्र वर नेऊन दाखवलं. सगळे वा वा म्हणाले. आणि दारात प्रिन्सिपल उभे राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. खाली पानं वाढलेली, मसालेभाताचा वास जिन्यापर्यंत आलेला. अर्धा तास कुठून आणायचा? मी सरळ शून्याचं बटण दाबलं. आणि तुला म्हणाले, ‘शून्य आहे गं, लाव तुझा नमुना.’

तू लावलास. वहीत लिहिलंस, ‘क्षेत्र शून्य’. माझ्या शब्दावर लिहिलंस.

चार दिवसांनी आलेख घेऊन आलीस तेव्हा म्हणालीस, ‘मॅडम, पुन्हा एकदा मोजू का? विचित्रच आहे.’ कॉम्प्रेसर बिघडला होता, दुरुस्तीला महिना जाणार होता. मी म्हटलं, इतका देखणा आलेख आहे, कशाला थांबायचं, पाठव. तेही मीच.

आता समितीचा दिवस. त्यांनी मला विचारलं, मॅडम, उपकरणात दोष असण्याची शक्यता? मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. ‘शक्यच नाही. त्या दिवशी क्षेत्र माझ्या स्वतःच्या हातानं शून्य केलं होतं.’ तुझ्याविरुद्ध मोठा पुरावा म्हणून मी आपला हात पुढे केला. आणि तुला शपथेवर सांगते, वाक्य संपता संपता मला मसालेभाताचा वास आला. त्या बंद खोलीत. सगळं आठवलं. घड्याळ, दार, बटण, सगळं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. आणि मी त्याचं उत्तर दिलं.

म्हणजे मला हे एप्रिलमध्ये कळलेलं नाही. मला १३ नोव्हेंबर २०१९ पासून माहीत आहे. मागच्या पत्रात मी ‘शोध’ लावल्याचं नाटक केलं. पुण्याहून तुकडा मागवला तो कशासाठी, खरं सांगू? मनातल्या मनात देवाला म्हणत होते, शून्य येऊ दे रे बाबा. साठ वर्षांची फिजिक्सची बाई पॅलेडियमसमोर हात जोडून उभी. शून्य आलं असतं तर मी निर्दोष, तू दोषी, आणि मला शांत झोप.

का बोलले नाही, हे तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. भ्याले. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक पाहील म्हणून भ्याले. पाटी माझी, नियम माझा, आणि तो मोडून मी पंगतीला गेले. शरम वाटली. आणि मग दुसरा दिवस आला, तिसरा आला. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं.

आणि त्याच्याही आधीचं एक आहे. ते जास्त वाईट आहे. ज्ञानेश आठवतो? आमच्याच डिपार्टमेंटमधल्या देवव्रत सरांचा मुलगा. त्याचाही एक आलेख असाच वेडावाकडा आला होता. मी तीन दिवस मशीन उघडून बसले, शेवटी नळीला चिकटलेला लोखंडाचा कण सापडला. ज्ञानेशवर संशय घ्यावा असं मला सुचलंसुद्धा नाही. तुझा आलेख वाकडा आला, तर मी मशीन नाही तपासलं, तुला तपासलं. तुझी स्कॉलरशिप संपत आली होती, तुला पेपर हवा होता, कंडक्टरची मुलगी, तिला घाई असणारच. हे मी कुणाकडे बोलले नाही. पण मनात होतं. तुला माझ्या घरी, माझ्या ताटात जेवू घातलं आणि मनात हे होतं.

तू दुपारी आली होतीस. आठवतंय मला. मला सगळं आठवतं.

उत्तरा


२० मे २०२५

चैताली,

दोन पत्रं लिहिली, एक विद्यापीठाला, एक आपला पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना. मागच्या पत्रात लिहिलेलं सगळं त्यात आहे, तारखांसकट, फक्त मसालेभात वगळून. नक्कल सोबत जोडली आहे. प्रिन्सिपलना एक प्रत दिली तर ते घरी आले. ‘मॅडम, अकरा दिवस राहिलेत. निरोप समारंभ आहे, शाल आणलीय. नंतर काय ते करा ना!’ मी म्हटलं, शाल परत करा. त्यांनी बराच वेळ चहा ढवळला आणि निघून गेले. चांगला माणूस आहे, वाईट वाटलं.

आता परवाचं. तू समोर होतीस, तरी मला ते लिहायचं आहे, कारण तुझ्याशी मला एकही वाक्य धड बोलता आलं नाही.

रविवारी सकाळची कळवण गाडी धरली. वणीला गाडी निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. कंडक्टर बाई होती. तिनं शिट्टी न वाजवता पत्र्यावर थाप मारली. तुझ्या घराचा पत्ता डेपोवर विचारला, तर ‘निवृत्तीअण्णांचं ना?’ म्हणत एक जण दारापर्यंत सोडून गेला.

तुझे वडील ओट्यावर बसले होते. मला ओळखलं. उठून उभे राहिले, यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. २०१९ साली हेच कॉलेजात आले होते. मी त्यांना स्टाफरूमबाहेर बाकावर दोन तास बसवून ठेवलं आणि मग उभ्या उभ्या पाच मिनिटं दिली. तेव्हा ते म्हणाले होते, ‘मॅडम, एकतीस वर्सं तिकिटं फाडली म्या. लबाड पॅसेंजर तोंडावरून वळखतो. माझी पोरगी लबाड नाय.’ मी म्हटलं होतं, अण्णा, हे विज्ञान आहे, एसटी नाही. हे शब्द आहेत माझे. तुला त्यांनी सांगितले नसतील.

परवा मी त्यांना म्हटलं, तुमचं खरं होतं, माझं खोटं होतं. सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘तुमी लय उशीर केला, मॅडम. ती त्या दिवशी आली, माझी शिट्टी माझ्या हातात ठेवली, न्हाणीत गेली ती लय येळ बाहेर आली नाय. त्यानंतर या घरात सायन्सचं नाव नाय निघालं. शाळेत गणित शिकवती. सायन्सचा तास दिला तर दुसऱ्याला देऊन टाकती.’

आणि तू बाहेर आलीस. हातात पाण्याचा तांब्या. बारीक झालीस. कानाजवळ पांढरे केस, या वयात! मला वाटलं होतं ओरडशील, दार लावशील, अंगावर धावून येशील. मी त्याची तयारी करून आले होते. तू म्हणालीस, ‘मॅडम, चहा घेणार?’ मी मान हलवली. तू चहा आणलास. बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही हे तुझ्या लक्षात होतं. तो कप मी कसा संपवला ते माझं मला माहीत. निघताना तू म्हणालीस, ‘तीन वाजताची गाडी मिळेल, गर्दी नसते.’ बस. साडेपाच वर्षांत एवढंच.

गाडीत मी रडले. शेजारच्या बाईनं कांद्याच्या पिशवीवरचा रुमाल काढून दिला.

चैताली, तुला एक शेवटचं विचारते. तो नमुना किती का गोठलेला असेना, आपण त्याला वर तापवलं की आतलं सगळं सुटतं. मग शून्य करायचं, नीट, झुलवत, आणि पुन्हा पहिल्यापासून थंड करायचं. विद्यापीठ तुझं रजिस्ट्रेशन परत देईल. मी रिटायर झाले तरी पायल आहे, मशीन आहे, सत्तावीसचा नमुना आहे. माझं तोंडही बघू नकोस हवं तर. पण तू परत ये. तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. मुलगी म्हणायचा हक्क मी घालवला आहे, म्हणून विद्यार्थिनी म्हणते.

तुझी
उत्तरा


कळवण
२७ मे २०२५

गायधनी मॅडम,

पॅलेडियमचा तुकडा सोबत पाठवत आहे. त्याच्याबरोबर एक कागद आहे, तोही तुमच्याकडेच असू द्या. त्यावर १२ नोव्हेंबरची तारीख आणि तीन वेळचे आकडे आहेत. तिन्ही वेळा उणे बावीसच्या आसपास आलं.

तुमची चारही पत्रं वाचली. फाडली नाहीत. चौथं दादांनी, माझ्या वडिलांनी, दोनदा वाचून घेतलं. एसटीचं तुम्ही त्यांना जे म्हणालात ते त्यांनी मला खरंच कधी सांगितलं नव्हतं.

बारा तारखेचं तुम्ही फक्त ‘आठवतं’ एवढंच लिहिलंय, म्हणून मी लिहिते. समितीच्या आधीचे आठ दिवस मी एकच विचार करत होते, की मी काही केलं नाही, मग आलेख बुडाला कसा. त्या सकाळी मला अचानक कमिटीचा दिवस आठवला. तुम्ही केलं होतं तसंच सगळं करून पाहिलं. क्षेत्र वर, तिथून एकदम शून्य, पॅलेडियम आत. उणे बावीस. मॅडम, मला इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवली. लॅबमध्ये कुणी नव्हतं तरी वाजवली. मला वाटलं, सुटलो आपण. पेपर चुकला, पण कुणी लबाडी केली नाही. मॅडम कपाळावर हात मारतील, स्वतःला दोन शिव्या देतील आणि म्हणतील, चल, आधी जेव. रिक्षाची वाट न बघता चालत तुमच्या घरी आले. तुकडा खिशातच राहिला.

तुम्ही दार अर्धं उघडलंत. कागद मी पुढे केला, तो तुम्ही पाहिला नाही. म्हणालात, ‘जे सांगायचंय ते उद्या सगळ्यांसमोर सांग. माझ्या दारात रडगाणं नको.’ मी रडत नव्हते, मॅडम. मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी कागद माझ्या फाइलमध्ये होता. माझी पाळी तुमच्यानंतर होती. तुम्ही ते हाताचं वाक्य बोललात आणि चष्मा काढलात. मी तुमच्या अगदी समोर बसले होते. तुम्हाला आठवलेलं मला दिसलं. तुमचा चेहरा मी पाच वर्षं पाहत होते, मला कळणार नाही का?

मी कागद काढला असता तर तुम्ही त्या सगळ्यांसमोर खोट्या ठरला असतात. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. मला वाटलं, मला खोटं ठरू देणं तुमच्याच्यानंही होणार नाही. आत्ता बोलतील, नाहीतर बाहेर आल्यावर बोलतील, नाहीतर उद्या. म्हणून मला विचारलं तेव्हा मी ‘मला काही सांगायचं नाही’ म्हणाले. त्यांनी ती कबुली धरली. आठ दिवस फोन उशाशी ठेवला होता. मग तुमचा नंबर ब्लॉक केला.

विद्यापीठानं बोलावलं तर मी जाईन. दादांना ते हवं आहे. तुम्ही पत्र पाठवलंत त्याबद्दल त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. लॅबमध्ये मी परत येणार नाही. तापवून पुन्हा पहिल्यापासून, असं तुम्ही लिहिलंय. ते नमुन्याचं झालं.

सायलीला सांगा, बटण निदान पाच वेळा उलटव. तीननं खरंच काही होत नाही.

तुकडा नळीतच आहे, जसा नेला तसा. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘परत मिळाले’ लिहून सही करा. एकतीस तारखेला चारच दिवस आहेत. तुमचं नो ड्यूज माझ्यामुळे अडायला नको.

चैताली निवृत्ती रौंदळ